एलसी३ ची नवी अँटिबॉडी मागवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: रॅटच्या अठरा दिवसांच्या गर्भातल्या हिप्पोकॅम्पसपासून न्यूरॉन वाढवलेत, चौदाव्या दिवशी लायसेट (पेशी फोडून मिळणारा रस) काढलं आणि एलसी३बी ची रॅबिट (सशात बनवलेली) अँटिबॉडी लावली. एलसी३ म्हणजे ऑटोफॅजी, पेशीने आपलाच कचरा गिळून पचवणं, मोजायला वापरतात ते प्रथिन; एलसी३बी हे त्याचं एक रूप. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने शोधतात तिथे, एकच जाड बँड येतो. ऑटोफॅजी चेतवणारं रॅपामायसिन देऊनही तो हलत नाही. कव्हरस्लिपवर ऑटोफॅगोसोमचे (कचरा गिळणाऱ्या दुपदरी पिशव्यांचे) ठिपके दिसायला हवेत, तिथे सगळी पेशी धूसर आणि न्यूक्लियस तेवढा लखलखीत. गाइड म्हणतात अँटिबॉडी गंडलेली आहे, दुसऱ्या कंपनीची मागवा. तर कोणती मागवावी?

माझं उत्तर: तूर्तास कोणतीच नको. एका ट्यूबमागे चाळीस-पन्नास हजार सहज जातात, बाहेरून यायची असेल तर महिना-दोन महिने वाट बघण्यात जातात, आणि ती हातात आल्यावर हाच ब्लॉट परत दिसण्याची शक्यता दांडगी आहे. तुमच्या चार तक्रारींपैकी निदान तीन न्यूरॉनच्या स्वभावामुळे किंवा ब्लॉटच्या हाताळणीमुळे येतात. अँटिबॉडीवर संशय जरूर घ्या, पण तो घ्यायची एक रीत आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी ही अँटिबॉडी नेमकं काय बघते ते पाहू. एलसी३ ची पहिली ओळख मेंदूतच झाली, सूक्ष्मनलिकांना चिकटणाऱ्या प्रथिनांसोबत येणारी एक हलकी साखळी, 'लाइट चेन', म्हणून. नावातला 'एल' आणि 'सी' तिथूनच आला. ऑटोफॅजीशी तिचं नातं कळलं ते २००० साली, जपानी गटाने यीस्टमधल्या एटीजी८ चं हे सस्तन प्राण्यांतलं भावंड आहे हे दाखवलं तेव्हा. पेशीत हे प्रथिन तयार झालं की एटीजी४ हे एन्झाइम त्याचं शेपूट छाटतं आणि १२० क्रमांकाचं ग्लायसिन उघडं पडतं. हे एलसी३-१, सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) मोकळं फिरणारं. ऑटोफॅगोसोम बनायला लागला की त्या ग्लायसिनला फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे लिपिड जोडलं जातं आणि प्रथिन पडद्याला चिकटतं. हे एलसी३-२. गंमत अशी की लिपिड जोडल्यामुळे त्याचं वजन वाढतं, तरी पाण्याशी फटकून वागणाऱ्या त्या शेपटामुळे जेलवर ते उलट खाली पळतं. एलसी३-१ साधारण १६ ते १८ किलोडाल्टनच्या आसपास, एलसी३-२ साधारण १४ ते १६ च्या. अँटिबॉडीला ही दोन्ही रूपं दिसतात, पण सारख्याच नजरेने दिसत नाहीत. काही अँटिबॉड्या पहिलं रूप जोरात पकडतात, काही दुसरं. म्हणूनच एलसी३-२ आणि एलसी३-१ यांचं गुणोत्तर काढून आलेख लावणं मला कधीच पटलं नाही. एलसी३-२ ची तुलना अ‍ॅक्टिन किंवा दुसऱ्या लोडिंग कंट्रोलशी करावी. कमीत कमी अँटिबॉडी बदलली म्हणून निष्कर्ष बदलणार नाही.

आता न्यूरॉनचा स्वभाव. मेंदूच्या लायसेटमध्ये एलसी३-१ भरपूर असतं आणि एलसी३-२ अगदी बारीक. तुमचा 'एकच जाड बँड' बहुधा हाच आहे. खालचा बँड आहे, पण वरच्याच्या झगमगाटात हरवलेला. २००४ साली मिझुशिमा यांच्या गटाने जीएफपी-एलसी३ चा, म्हणजे एलसी३ ला चमकणारं प्रथिन जोडलेला, माऊस बनवला आणि त्याला उपाशी ठेवून सगळे अवयव तपासले. यकृत, स्नायू, हृदय सगळीकडे ठिपके वाढले, मेंदूत मात्र नाही. त्यावरून कुणी म्हणेल की न्यूरॉनमध्ये ऑटोफॅजी चालतच नाही. पण २००६ साली ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ किंवा एटीजी७ हे जनुक फक्त मेंदूतून काढून टाकलेले माऊस आले. पोटभर खाणाऱ्या त्या प्राण्यांच्या न्यूरॉनमध्ये युबिक्विटिन (टाकाऊ मालावरचा शिक्का) लागलेल्या प्रथिनांच्या गाठी साचल्या आणि न्यूरॉन मरायला लागले. म्हणजे काम रोज, मुकाट्याने चालू असतं आणि ते इतकं झटपट उरकतं की मध्ये माल साचतच नाही. सकाळी दहालाच भाजीवाल्याची पाटी रिकामी दिसली तर धंदा बसला असं कोणी म्हणत नाही. २००८ साली कॉर्टेक्सच्या न्यूरॉनवर झालेल्या कामात लायसोसोमची (गिळलेला माल पचवणाऱ्या पिशव्यांची) एन्झाइमं रोखली की ऑटोफॅजीच्या पिशव्या भराभर साचलेल्या दिसल्या, तेही अगदी याच कारणाने.

रॅपामायसिनने काही हललं नाही यात मला आश्चर्य वाटत नाही. न्यूरॉन या औषधाला थंडच प्रतिसाद देतात. शिवाय तुमच्या मीडियामध्ये बी२७ हे पूरक असेलच, आणि बी२७ मध्ये इन्शुलिन असतं. एकीकडे एमटॉर (ऑटोफॅजीला लगाम घालणारं एन्झाइम) दाबायचं औषध आणि दुसरीकडे एमटॉर चेतवणारं इन्शुलिन असा तो प्रकार. इन्शुलिन नसलेलं बी२७ मिळतं, प्रयोगाच्या आधी काही तास ते घालून बघा. टोरिन-१ हे रॅपामायसिनपेक्षा सरळ घाव घालतं, २५० नॅनोमोलरपासून सुरुवात करता येईल. पण हे सगळं नंतर. आधी लायसोसोम अडवा.

त्यासाठी बॅफिलोमायसिन ए१, १०० नॅनोमोलर, दोन ते चार तास. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवलंत तर न्यूरॉन आजारी पडतात आणि मग जे दिसतं ते मरणाचं असतं. क्लोरोक्विन स्वस्त आहे म्हणून सगळे तिकडे वळतात, पण त्याचा एक डाव आहे: ते ऑटोफॅगोसोमशी संबंध नसलेल्या साध्या, एकपदरी पडद्यांवरही एलसी३ चिकटवतं, आणि गॉल्जीही विस्कटवतं. बॅफिलोमायसिनने हा प्रकार होत नाही, उलट अडतो. दोन पैसे जास्त गेले तरी मी तेच वापरतो.

आता हिशोब. कल्पना करा की अ‍ॅक्टिनने भागल्यावर तुमचे एलसी३-२ चे आकडे असे आले: नुसत्या कंट्रोलमध्ये १.०, कंट्रोल अधिक बॅफिलोमायसिनमध्ये ३.०, तुमच्या औषधात २.२, औषध अधिक बॅफिलोमायसिनमध्ये ३.१. पहिला आणि तिसरा आकडा शेजारी ठेवलात तर वाटेल, वा, औषधाने ऑटोफॅजी दुप्पट केली. पण चार तासांत लायसोसोममध्ये किती माल गेला ते काढा: कंट्रोलमध्ये ३.० वजा १.०, म्हणजे २.०. औषधात ३.१ वजा २.२, म्हणजे ०.९. औषधाने प्रवाह निम्म्याहून खाली आणलाय, माल वाटेत अडकलाय. एकाच ब्लॉटचे दोन उलट निष्कर्ष. मी परीक्षक म्हणून जेवढे शोधनिबंध परत पाठवलेत त्यातले कितीतरी फक्त पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यावर उभे होते, आणि बहुतेकांच्या अँटिबॉडीत काहीच खोट नव्हती. पी६२ (कचरा ऑटोफॅगोसोमपर्यंत नेणारं प्रथिन) जोडीला लावलंत तर उत्तम, कारण ते ऑटोफॅजीबरोबर खपतं. पण त्याचं उत्पादनही ताणाखाली वाढतं, त्यामुळे पी६२ वाढलं की ऑटोफॅजी अडली असं एकट्याने म्हणू नका.

ब्लॉटबद्दल आता जरा सविस्तर, कारण खरी पडझड इथे होते. डिशमधून मीडिया काढा, थंड पीबीएसने एकदाच धुवा आणि गरम एसडीएस सॅम्पल बफर थेट ओता. ट्रायटन या डिटर्जंटने काढलेल्या लायसेटला सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलंत तर पडद्याला चिकटलेलं एलसी३-२ आणि गाठीतलं पी६२ काही अंशी तळाच्या गोळ्यात जातं आणि बेसिनमध्ये. लायसेट एकदाच गोठवा. पुन्हा-पुन्हा वितळवलेल्या नमुन्यात एलसी३-१ झिजतं, आणि मग गुणोत्तर मोजणाऱ्यांना 'ऑटोफॅजी वाढलेली' दिसते. जेल १५ टक्के, किंवा ४ ते २० ग्रेडियंट. निळी डाय जेलच्या बाहेर घालवू नका. आपल्याकडे 'डाय गेली की बंद कर' अशी शिकवण असते, पण एलसी३ डायच्या फार मागे नसतं. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ घ्या, मिथेनॉलमध्ये ओलं करून. ०.४५ चं घेतलंत आणि रात्रभर ट्रान्सफर लावलात तर एवढंसं प्रथिन आरपार निघून जातं. ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन ३० किलोडाल्टनच्या रेषेवर आडवं कापा. खालच्या तुकड्याला एलसी३, वरच्याला पी६२ आणि अ‍ॅक्टिन. स्ट्रिपिंगच्या फंदात पडायची गरज उरत नाही. २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. आणि एक्स्पोजर दोन घ्या: एक छोटं, वरचा बँड न जळू देता, एक लांब, खालच्या बँडसाठी. मोजायचं ते न जळलेल्यावरच.

अजून एक कोडं राहतं: ब्लॉटमधलं एलसी३ न्यूरॉनचंच कशावरून? चौदाव्या दिवसापर्यंत डिशमध्ये अ‍ॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनच्या सोबतच्या आधारपेशी) चांगले पसरलेले असतात. विभागणाऱ्या पेशी रोखणारं अ‍ॅराबिनोसाइड दिलं होतं का, केव्हा दिलं, हे नोंदवा. तेवढ्याने समाधान होत नसेल तर उत्तर मायक्रोस्कोपखालीच मिळतं.

तिथल्या तक्रारीकडे येऊ. न्यूक्लियस लखलखतोय. तुम्ही पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून ट्रायटनने पेशी उघडल्यात असं समजतो, कारण नव्वद टक्के लोक तेच करतात. ट्रायटन लिपिड विरघळवतं, आणि एलसी३-२ हे लिपिडच्या खुंटीला टांगलेलं प्रथिन आहे. खुंटी गेली की ठिपके विरतात, सायटोसोलमधलं आणि न्यूक्लियसमधलं एलसी३-१ उरतं. न्यूक्लियसमध्ये एलसी३ खरोखर असतं, ते तिथून बाहेर येतं तेव्हा सर्ट१ हे एन्झाइम त्याचे अ‍ॅसिटाइल गट काढतं हेही माहीत झालेलं आहे. म्हणून उजळलेला न्यूक्लियस बघून लगेच अँटिबॉडीला शिव्या घालू नका, लगेच खराही मानू नका. एक कव्हरस्लिप उणे वीसच्या मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं फिक्स करा, दुसरी पॅराफॉर्मल्डिहाइडनंतर डिजिटोनिन या सौम्य डिटर्जंटने उघडा. सॅपोनिनही चालतं, मात्र ते प्रत्येक पायरीच्या बफरमध्ये ठेवावं लागतं, कारण धुतलं की भोकं मिटतात. तिसरी कव्हरस्लिप तुमच्या नेहमीच्या पद्धतीने. तिन्हींना बॅफिलोमायसिन दिलेलं. माझ्या अनुभवात इथेच निम्म्या लोकांना ठिपके 'सापडतात' आणि अँटिबॉडीची ऑर्डर रद्द होते.

आणि बघायचं कुठे? सगळे सोमा (पेशीचं मुख्य अंग) बघतात, कारण ते गोल, मोठं आणि सोपं असतं. पण न्यूरॉनमध्ये ऑटोफॅगोसोमचा मोठा भाग अ‍ॅक्सॉनच्या दूरच्या टोकाला जन्मतो आणि डायनीन या वाहक प्रथिनाच्या खांद्यावर बसून सोमाकडे येतो, वाटेत आंबट होत होत. २०१२ साली जिवंत न्यूरॉनमध्ये हा प्रवास नीट टिपला गेला. टोकाजवळ मोजलेत तर नवे ठिपके, सोमात मोजलेत तर लायसोसोमशी जुळलेले जुने. दोन्ही वेगवेगळे मोजा, अ‍ॅक्सॉन ओळखायला अँकिरिन-जी किंवा टाऊ, डेंड्राइटला मॅप२, लायसोसोमला लॅम्प१. अ‍ॅस्ट्रोसाइट वगळायला जीएफएपी. मोजणाऱ्याला कोणती कव्हरस्लिप कशाची आहे हे माहीत नसावं. हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं.

उद्या तुम्ही कल्चर सोडून मेंदूच्या कापांकडे वळाल, तेव्हासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दोन वर्षांच्या माऊसच्या कॉर्टेक्समध्ये एलसी३ चे सुंदर ठिपके पाहिले. तरुण माऊसमध्ये नाहीत, म्हाताऱ्यात भरपूर. तीन महिने मोजले, आलेख काढले, पोस्टर छापायला गेलं. एका रात्री कॉन्फोकलचा स्लॉट नऊ वाजता मोकळा होता म्हणून मी सहज, प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली स्लाइड ठेवली. तेच ठिपके. हिरव्यात, लालमध्ये, निळ्यातही थोडे. लायपोफ्युसिन होतं ते, वयाबरोबर न्यूरॉनमध्ये साचणारा, आपला आपण चमकणारा कचरा. पोस्टर मागे घेतलं. तेव्हापासून वयस्क ऊतीवर ७० टक्के इथेनॉलमधल्या ०.१ टक्का सुदान ब्लॅकचा हात फिरवल्याशिवाय आणि प्राथमिक नसलेली स्लाइड बघितल्याशिवाय मी लेझर पुढे सरकवत नाही. माऊसच्या ऊतीवर माऊसचीच मोनोक्लोनल लावणार असाल तर ऊतीतल्या स्वतःच्या आयजीजीला (माऊसच्याच अँटिबॉडीला) सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला पकडणारी रंगीत अँटिबॉडी, चिकटते; रक्तवाहिन्या आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) उगाच उजळतात. शक्यतो रॅबिट घ्या.

मायक्रोग्लियाचं नाव निघालं म्हणून: तिथला एलसी३ चा ठिपका ऑटोफॅजीचाच असेल असं गृहीत धरू नका. बाहेरचं काही गिळल्यावर त्या एकपदरी पिशवीवरही एलसी३ चिकटतं. अँटिबॉडीला दोन्हीतला फरक कळत नाही, कळू शकतही नाही.

आता अँटिबॉडीवर संशय घ्यायची रीत. दोन प्रश्न वेगळे ठेवा, कारण बहुतेक लोक त्यांची खिचडी करतात. पहिला: ही अँटिबॉडी खरोखर एलसी३बी लाच चिकटते का? याला एलसी३बी चं जनुक काढून टाकलेली (नॉकआउट) पेशी हवी. न्यूरॉनमध्ये ते जमत नसेल तर लेंटिव्हायरसने शॉर्ट हेअरपिन (जनुक गप्प करणारा आरएनए) देऊन पातळी खाली आणा, बँडही त्या प्रमाणात उतरला पाहिजे. दुसरा: खालचा बँड लिपिड लागलेलाच आहे का? याला एटीजी५ किंवा एटीजी७ नसलेली पेशी हवी. तिच्यात एलसी३-१ साचतं आणि एलसी३-२ गायब होतं. एटीजी५ नसलेल्या माऊस फायब्रोब्लास्टचं (जोडऊतीतल्या पेशींचं) लायसेट ऑटोफॅजीवर काम करणाऱ्या एखाद्या लॅबकडे मागितलंत तर बहुतेक वेळा मिळतं, पन्नास मायक्रोलिटर पुरे. ते तुमच्या जेलवर एका लेनमध्ये चालवा, शेजारी बॅफिलोमायसिन दिलेले फायब्रोब्लास्ट. त्या दोन लेन बघितल्यावर तुमच्या न्यूरॉनच्या लेनमधला कोणता बँड कोणता, यावर वाद उरणार नाही.

एलसी३ए आणि एलसी३बी फार सारखे आहेत. सुरुवातीच्या, म्हणजे एन टोकाकडच्या पेप्टाइडवर बनवलेल्या अँटिबॉड्या या दोघांत त्यातल्या त्यात फरक करतात, तरी डेटाशीटवरच्या 'फक्त एलसी३बी' या शब्दांवर मी नॉकआउटशिवाय विश्वास ठेवत नाही. आणि मेंदूत एलसी३ चं चुलत गॅबारॅप कुटुंबही कामावर असतं, विशेषतः गॅबारॅपएल१. एलसी३ची अँटिबॉडी कितीही चांगली असली तरी ते काम तिला दिसणार नाही.

माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेल्या वायकॅरॉस या उपक्रमाने २०२३ मध्ये मेंदूविज्ञानाशी निगडित ६५ प्रथिनांसाठी बाजारात असलेल्या ६१४ अँटिबॉड्या नॉकआउट पेशींवर तपासल्या. बऱ्याच नापास झाल्या, आणि रिकॉम्बिनंट अँटिबॉड्या पॉलिक्लोनलपेक्षा सरस ठरल्या. कारण उघड आहे. पॉलिक्लोनलचा पुढचा लॉट म्हणजे दुसऱ्या सशाचं रक्त. रिकॉम्बिनंटचा क्रम माहीत असतो, लॉट बदलला तरी तीच वस्तू येते. सगळं तपासूनही मागवायचीच वेळ आली तर रॅबिट रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल मागवा, नॉकआउटची लेन डेटाशीटवर दिसत असलेली, ब्लॉट आणि इम्यूनोफ्लुरोसन्स दोन्हींत दाखवलेली, जमल्यास २० मायक्रोलिटरची चाचणी ट्यूब. ब्लॉटमध्ये चालणारी अँटिबॉडी फिक्स केलेल्या पेशीत चालेलच असं नाही, कारण एकीकडे प्रथिन उलगडलेलं असतं, दुसरीकडे घडी मोडलेली नसते.

पाऊस असताना पार्सल आलं तर डबा उघडून जेलपॅक अजून गार आहे का ते बघा, स्टोअरमध्ये दोन दिवस पडलेलं असतं कधीकधी. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे वीसला ती गोठत नाही, तशीच ठेवा. नसेल तर पाच-दहा मायक्रोलिटरचे भाग करा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. डायल्यूट केलेली अँटिबॉडी अझाइड घालून पाच-सहा ब्लॉटना पुरवायची आपली सवय आहे, मी पण करतो, पण दर वेळी ताकद उतरते. म्हणून ज्या ब्लॉटचे आकडे छापायचे तो ताज्या डायल्यूशनवर करा. एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) जोडलेल्या सेकंडरीत अझाइड चुकूनही नको, एन्झाइम मरतं. आणि १:१००० हा आकडा पवित्र मानू नका. एका ट्यूबमध्ये १ मिलिग्रॅम दर मिलिलिटर असतं, दुसऱ्यात त्याचा निम्मा. दोन अँटिबॉड्यांची तुलना मायक्रोग्रॅममध्ये करा. वहीत कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी (अँटिबॉडीचा नोंदणी क्रमांक) लिहा.

येत्या आठवड्यात एवढंच करा: सहा विहिरींची एक प्लेट. दोन साध्या, दोन बॅफिलोमायसिन दिलेल्या, दोन टोरिन अधिक बॅफिलोमायसिन. ही सहा लायसेट आणि मागून आणलेली फायब्रोब्लास्टची दोन, सगळी एकाच जेलवर. ब्लॉट आला की गाइडना दाखवा, पण कापून सजवलेली पट्टी नको. मार्करसकट अख्खं मेम्ब्रेन घेऊन जा.